अक्षय्य भांडाराचा जमाखर्च

तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्यांचा उगम सह्याद्रीच्या ज्या अरण्यात होतो, त्या स्थळास गंगामूळ असे नाव आहे. बंगळुरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेली मराठी कुटुंबे सुट्टीत शृंगेरीस जातात, होरनाडूच्या अन्नपूर्णेचे दर्शन घेतात आणि कुद्रेमुखाच्या घाटातून परततात. परंतु त्याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी पंडिता रमाबाईंचा जन्म झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. रमाबाईंचे नाव निघाले की बोलणे एक तर विधवांच्या शिक्षणाकडे वळते किंवा धर्मांतराच्या वादाकडे. हे दोन्ही विषय मोठे आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे त्यांच्या चरित्राची एक तिसरी बाजू पाहावयाची आहे. ती म्हणजे पैशाची. धन कोठून येते, ते कोणाचे असते, ते कसे मागावे आणि कसे खर्चावे, या प्रश्नांची उत्तरे रमाबाईंनी ग्रंथ लिहून दिली त्यापेक्षा अधिक संसार चालवून दिली. आणि तो संसार दीड-दोन हजार माणसांचा होता.

१९०७ साली त्यांनी आपली आत्मकथनपर साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. त्या छोट्या पुस्तकाच्या नावाचाच अर्थ 'आमच्या अक्षय्य भांडाराची साक्ष' असा आहे. भांडार हा शब्द हिशेबाच्या चोपड्या सांभाळणाऱ्या माणसाच्या कानास गोड लागतो, परंतु 'अक्षय्य' हे विशेषण ऐकताच त्याची लेखणी थांबते. जमाखर्चाच्या जगात अक्षय्य असे काही नसते. आलेली रक्कम संपते, मंजुरीची मुदत सरते आणि शिल्लक शून्यावर येते. मग या बाईंनी अक्षय्य म्हटले ते कशाला?

ख्रिस्ती धर्मात धनासंबंधी दोन प्रवाह दिसतात. दोघांचाही आरंभ एकाच श्रद्धेतून होतो: पृथ्वी आणि पृथ्वीवरील सर्व समृद्धी ईश्वराची आहे, मनुष्य केवळ कारभारी आहे. पुढे मात्र वाटा फुटतात. एक प्रवाह म्हणतो की ईश्वर ज्यावर प्रसन्न होतो त्यास तो संपन्न करतो. म्हणून संपत्ती ही प्रसादाची खूण होय. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे मांडले की, युरोपातील काही प्रॉटेस्टंट पंथांच्या मनात व्यवसायातील यश हे ईश्वरी निवडीचे चिन्ह होऊन बसले, आणि त्या मनोवृत्तीने भांडवलशाहीच्या वाढीस बळ दिले. आज अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंत आणि आपल्या देशातील शहरांतही काही उपदेशक मोठ्या सभांतून सांगतात की दान द्या, श्रद्धा ठेवा, म्हणजे घर, गाडी आणि बढती मिळेल. ती याच प्रवाहाची अलीकडची शाखा आहे.

दुसरा प्रवाह जुन्या करारातील मान्न्याच्या कथेत स्पष्ट दिसतो. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक अरण्यात उपाशी पडले असता रोज पहाटे जमिनीवर खाण्याजोगा एक पदार्थ पसरलेला आढळे. प्रत्येकाने आपल्या गरजेपुरते वेचावे असा नियम होता. ज्याने लोभाने उद्याकरिता ठेवले त्याच्या साठ्यात किडे पडले. फक्त विसाव्याच्या दिवसाआधी वेचलेला दुप्पट वाटा टिकला. ज्याने पुष्कळ वेचले त्यास अधिक झाले नाही, ज्याने थोडे वेचले त्यास उणे पडले नाही. या कथेत धन हे बक्षीस नाही. ते पोट भरण्याची सोय आहे, आणि ते साठवू गेल्यास नासते. येशूने शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेत आजच्या दिवसापुरतीच भाकर मागितली आहे, ती याच परंपरेला धरून. रमाबाई या दुसऱ्या प्रवाहातील होत्या. परंतु त्या तेथे का गेल्या हे समजण्यास त्यांच्या बालपणाकडे पाहिले पाहिजे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंस त्यांनी संस्कृत शिकविले. त्यामुळे शास्त्री-पंडितांचा रोष ओढवला, आणि शास्त्रीबोवांनी गंगामूळच्या अरण्यात घर बांधून तेथे अध्ययन-अध्यापन चालविले. विद्यार्थी, यात्रेकरू, अतिथी यांची तेथे सतत ये-जा असे. आल्यागेल्यास अन्न देण्यात आणि कुटुंबावरील देण्यांत जवळचे सर्व गेले. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असता हे कुटुंब घर सोडून यात्रेस निघाले. मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून मजुराच्या डोक्यावरून नेण्यात आले. पुढे अनेक वर्षे तीर्थोतीर्थी पुराण सांगावे, श्रोते जे अर्पण करतील त्यावर राहावे, आणि उरलेले पुन्हा दानधर्मात घालावे, असा क्रम चालला.

त्यानंतर दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमाराचे ते दिवस रमाबाईंनी आपल्या आठवणींत वर्णिले आहेत, आणि ते वाचताना मन बधिर होते. शास्त्रात सांगितलेली अनुष्ठाने केल्यास देव प्रसन्न होऊन धन देतो, या दृढ श्रद्धेने त्या कुटुंबाने असेल नसेल ते पूजेत आणि ब्राह्मणभोजनात खर्चिले. दागिने गेले, चांदीची आणि तांब्यापितळेची भांडी गेली, अखेर तांदळाचा शेवटचा दाणाही संपला. तिरुपतीच्या परिसरातील जंगलात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढले. शास्त्रीबोवांनी जलसमाधीचा विचार केला. त्या वेळी थोरला मुलगा श्रीनिवास याने जातीचा अभिमान बाजूस ठेवून मजुरी करण्याची तयारी दाखविली आणि तो प्रसंग टळला. परंतु फार उशीर झाला होता. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली.

या प्रसंगातून रमाबाईंनी काय घेतले, याविषयी दोन मते संभवतात. त्यांच्या स्वतःच्या साक्षीत भर आहे तो जुन्या देवांवरील विश्वास ढळल्यावर. आम्हांस मात्र त्या वर्णनातील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ते कुटुंब केवळ श्रद्धेमुळे उपाशी राहिले नाही; त्यांस पोटासाठी हाताने करण्याचा कोणताच उद्योग येत नव्हता, आणि येत असता तरी तो करणे त्यांच्या प्रतिष्ठेस सोसले नसते, ही त्या उपासमारीची दुसरी बाजू होती. एवढा मोठा पंडित, परंतु चार पैसे मिळवील असे श्रमाचे काम घरात कोणासही ठाऊक नाही. ही जखम रमाबाईंच्या मनात खोल राहिली असावी. तिचा पुरावा त्यांच्या शब्दांपेक्षा त्यांनी पुढे उभारलेल्या संस्थेच्या रचनेत सापडतो.

मधल्या वर्षांचा इतिहास सर्वपरिचित आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. भावंडे पायी देशभर फिरून १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंस 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंचा बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी त्यांस वैधव्य आले. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या आणि तेथे वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या फिलाडेल्फियास गेल्या. अमेरिकेत त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, आणि १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' उभे राहिले.

येथून पैशाच्या गोष्टीस खरा आरंभ होतो. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले, आणि अट घातली की विधवांची शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावी. त्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास आले. १८९३ मध्ये मुलींस ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते अशा आरोपावरून वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की आम्ही कोणावर सक्ती केली नाही, परंतु आपली प्रार्थना दार लावून करणारही नाही. सल्लागारांचे म्हणणे असे की तटस्थतेच्या वचनाशी हे जुळत नाही. दोन्ही बाजूंस आपापल्या परीने न्याय होता. आमच्या विषयापुरती गोष्ट एवढीच की, बाहेरून आलेल्या पैशाबरोबर बाहेरून आलेली अट असते, हे रमाबाईंस या प्रकरणात पुरते उमगले. शिवाय दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. पुढे काय?

याच काळात त्यांच्या वाचनात तीन पुस्तके आली. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर, चीन इनलँड मिशन स्थापणारे हडसन टेलर आणि पॅसिफिकच्या बेटांवर काम केलेले जॉन पेटन यांच्या कार्याची ती वृत्ते होती. त्यांतील म्यूलर यांची हकीकत विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. जन्माने प्रशियन असलेल्या या गृहस्थाने १८३० मध्ये आपला ठरावीक पगार सोडला, आणि १८३६ मध्ये ब्रिस्टल येथे पोरक्या मुलांसाठी घर उघडले. पुढे ॲशली डाऊन या टेकडीवर पाच मोठी निवासस्थाने झाली आणि त्यांत एका वेळी दोन हजारांहून अधिक मुलांची सोय होती. त्यांचा नियम असा की गरज फक्त ईश्वरास सांगावयाची, मनुष्यापाशी मागावयाचे नाही, आणि कर्ज कधीही काढावयाचे नाही. परंतु याच माणसाने दरवर्षी आलेल्या प्रत्येक देणगीचा हिशेब छापून प्रसिद्ध केला. आयुष्यभरात सुमारे पंधरा लक्ष पौंड त्यांच्या हातांतून गेले आणि १८९८ मध्ये ते वारले तेव्हा स्वतःचे म्हणून फारच थोडे मागे होते. श्रद्धा आणि हिशेब यांत विरोध आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी ही चोपडी जरूर डोळ्यांपुढे आणावी.

ही चरित्रे वाचून रमाबाईंच्या मनात प्रश्न आला की ईश्वर इंग्लंडात आणि चीनमध्ये असा पुरवठा करीत असेल तर तो हिंदुस्थानात का करणार नाही? असे कार्य येथे कोणीतरी आरंभावे अशी इच्छा त्यांनी केली, आणि मग त्यांस वाटले की दुसऱ्याची वाट का पाहावी, आपणच आरंभ का करू नये? म्हणून त्यांनी प्रार्थना केली. परंतु प्रार्थना करून त्या बसून राहिल्या नाहीत, त्यांनी जमीन घेतली. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जागा त्यांनी मिळविली. बोस्टनची मदत थांबल्यावर शारदा सदनास कायमचे उत्पन्न असावे म्हणून तेथे विहीर खणून फळबाग लावावी, असा त्यांचा हिशेब होता. केडगाव म्हटले की पुष्कळांस बेटावरील दत्तमंदिर आणि नारायण महाराज आठवतात. त्या महाराजांनी १९४५ मध्ये आपल्या या बंगळुरातच देह ठेवला. त्याच गावच्या माळावर रमाबाईंची ही बाग उभी राहू लागली होती.

झाडांस फळ धरण्याआधीच दुष्काळ आला. १८९६ मध्ये मध्यप्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी स्वतः भोगलेले सर्व त्यांस पुन्हा समोर दिसले. त्यांनी अनाथ मुली आणि तरुण विधवा यांस आपल्याबरोबर आणले; थोड्याच अवधीत ही संख्या सुमारे तीनशे झाली. आता हिशेबाची खरी अडचण उभी राहिली. बोस्टनचा पैसा शारदा सदनासाठी, म्हणजे उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होता. या दुष्काळग्रस्त मुली नाना जातींच्या, अक्षरशत्रू, बहुतेक आजारी. त्या शीर्षाखाली त्यांच्यासाठी एक पैही खर्च करता येत नव्हती. सरकारी कचेरीत बसणाऱ्या आम्हां माणसांस हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही. एका शीर्षाखालील पैसा दुसऱ्या शीर्षाखाली वळविता येत नाही आणि दारात उभे असलेले माणूस मात्र नव्या मंजुरीची वाट पाहू शकत नाही.

या ठिकाणी आपल्या संतचरित्रांतील एक सरकारी अधिकारी आठवल्याशिवाय राहत नाही. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे चाकर. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उघडून रयतेस धान्य वाटले. बादशहाचा कोप झाला, आणि कथा अशी की पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरास जाऊन धान्याची किंमत भरली आणि पावती आणली. ही कथा मराठी मनास इतकी प्रिय का व्हावी? तीत करुणा आहे हे खरे. परंतु तीत देव हिशेब पुसून टाकीत नाही, तो पुरा करतो, हेही आहे. दामाजींचा देव बादशहास असे म्हणत नाही की धान्य ईश्वराचे, तुझा त्यावर हक्क काय? तो रक्कम मोजून देतो आणि पावती घेतो. भक्ताचा भार देवाने वाहिला, तरी चोपडी शुद्ध राहिलीच पाहिजे, ही आपल्या लोकांची धारणा त्या कथेतून बोलते.

रमाबाईंनी दामाजींचा मार्ग धरला नाही. त्यांनी एका कोठारातले धान्य दुसऱ्यास वाटले नाही. दुसरे कोठारच उभे केले. शारदा सदन आणि त्याचा पैसा वेगळा राहिला. नव्या मुलींसाठी केडगावास वेगळी संस्था झाली आणि तिचे नाव 'मुक्ती' ठेविले. ती उघडपणे ख्रिस्ती होती. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची बंधने आली आणि इतक्या मुलींस शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा बागेच्या जागेवर छपरे उभी राहिली. ठरावीक वार्षिक मदत नव्हती. जे येईल ते त्या दिवसाचे, असा नियम होता. १९०० च्या सुमारास गुजरात-राजपुतान्यातील दुष्काळामुळे मुक्तीतील माणसांची संख्या दीड-दोन हजारांवर गेली. पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीती सदन, मुलांसाठी सदानंद सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन अशा शाखा होत गेल्या.

त्या वर्षांतील विहिरींची हकीकत मुक्तीच्या वृत्तांतात मोठ्या भक्तिभावाने सांगितली जाते. अवर्षणाने भोवतालचा मुलूख कोरडा पडला असता या विहिरी रोज सायंकाळपर्यंत उपसून जवळजवळ रिकाम्या होत, आणि सकाळी त्यांत पुन्हा त्या दिवसापुरते पाणी साचलेले दिसे. श्रद्धावंतास येथे मान्न्याची कथा आठवते यात नवल नाही. भूगर्भशास्त्रज्ञ झऱ्यांचे कारण सांगेल. आमचे लक्ष मात्र आणखी एका गोष्टीकडे जाते. दुष्काळ येण्यापूर्वी त्या विहिरी खणविण्याचे कोणाच्या तरी मनात आले होते. झरा ईश्वराचा खरा, परंतु विहीर कुदळीची. हे दोन्ही एकत्र आल्याखेरीज रमाबाईंच्या भांडाराचा अर्थ लागत नाही.

कारण मुक्तीत आलेल्या कोणाही मुलीस केवळ पोसले गेले नाही. शेती, गुरे, दूध, विणकाम, शिवण, धुलाई, घाण्यावर तेल काढणे, छापखान्यातील खिळे जुळविणे, छपाई आणि बांधणी अशी कामे तेथे स्त्रिया शिकल्या आणि करीत राहिल्या. अंध स्त्रियांसही हाताने करता येईल असे काम दिले गेले. एका पंडिताच्या घरात विद्या होती पण श्रम नव्हते, त्याचे फळ मुलीने पाहिले होते. तिने उभारलेल्या घरात अक्षर आणि श्रम यांची फारकत होऊ दिली नाही. १९०४-०५ च्या सुमारास रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर आरंभिले. ते काम त्यांच्या मृत्यूच्या सुमारास, म्हणजे एप्रिल १९२२ मध्ये, पुरे झाले आणि १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात ग्रंथ छापून निघाला. ज्या मुली कधी भुकेने रस्त्यावर पडल्या होत्या, त्यांच्या हातांनी तो छापला. आपल्या भाषेच्या मुद्रणाच्या इतिहासातील हे पान दुर्लक्षिण्याजोगे नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की हा पैसा ईश्वराने धाडला असे म्हणावयाचे, परंतु तो आला अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथील ख्रिस्ती लोकांकडून. हे खरे आहे. त्यावर श्रद्धावंताचे उत्तर असे की ईश्वर माणसांच्या हातांनीच देतो. आणि आपणही सावकाराने ऐनवेळी मुदत दिली तर 'देव पावला' असे म्हणतोच. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. माणसापाशी मागावयाचे नाही असे म्हणत असता गरजेची हकीकत छापून देशोदेशी पाठविणे हे मागणेच नव्हे काय? मुक्तीचे 'प्रेअर बेल' नावाचे पत्रक परदेशी वाचकांस तेथील वर्तमान कळवीत असे. म्यूलर यांच्या वार्षिक वृत्तांतावरही हाच आक्षेप येऊ शकतो. आम्हांस वाटते की सांगणे आणि मागणे यांतील रेषा पुसट आहे, आणि ती पुसट आहे हे मान्य केल्याने कोणाचे मोठेपण कमी होत नाही. तिसरा आक्षेप धर्माचा. मुक्तीत अन्नाबरोबर ख्रिस्ताचे नाव मिळे, आणि भुकेल्या माणसाची निवड कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. तो रास्त प्रश्न आहे. त्यास जोडून दुसराही प्रश्न विचारला पाहिजे: दुष्काळात त्या मुलींस उचलून आणावयास त्या वेळी आणखी कितीजण गेले होते?

याच पुणे जिल्ह्यात, याच वर्षांत, दुसरा एक प्रयोग चालू होता, आणि त्याची तुलना उद्बोधक आहे. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली आणि १९०० मध्ये हिंगण्यास आश्रम नेला. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई, म्हणजेच बाया कर्वे, त्यांच्या सहधर्मचारिणी. अण्णासाहेबांची रीत रमाबाईंच्या अगदी उलट. ते दारोदार गेले, गावोगाव हिंडले, आणि चार आण्याच्या वर्गणीसही त्यांनी हात पुढे केला. दैवी पुरवठ्याची भाषा त्यांनी वापरली नाही. एकाने माणसांपाशी मागून आश्रम चालविला, दुसरीने ईश्वरापाशी मागून. आणि दोघांच्याही घरांत विधवा शिकल्या, कमावत्या झाल्या. दोघांतही समान काय होते? पैसा आपला नव्हे, तो ज्याच्यासाठी आला त्याचा, ही जाणीव. हिशेबातील काटेकोरपणा हा त्या जाणिवेचा बाह्य आकार होय.

याच्या उलट बाजूही मराठी ख्रिस्ती चरित्रांत आहे, आणि ती लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये हसत हसत दाखविली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक पैशाविषयी इतके विरक्त की हाती आले ते दुसऱ्यास देऊन मोकळे. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला. उद्याची चिंता ईश्वर करील हा त्यांचा विश्वास थोर खरा, परंतु आज संध्याकाळी चूल कशी पेटवावयाची याची चिंता लक्ष्मीबाई करीत. पुरुषाच्या विश्वासाचा खर्च पुष्कळदा घरातील बाईच्या नावे पडतो, हे सत्य त्या पुस्तकात पानोपानी दिसते. रमाबाईंचे वेगळेपण येथेच आहे. त्यांच्या बाबतीत विश्वास ठेवणारी आणि चूल पेटविणारी बाई एकच होती. वडिलांच्या दानधर्माचे मोल आईने आणि मुलांनी भुकेने चुकते केले, हे पाहिलेल्या त्या स्त्रीने आपल्या विश्वासाचे ओझे दुसऱ्या कोणावर टाकले नाही.

म्हणूनच संपत्ती ही ईश्वरी कृपेची खूण आहे असे रमाबाईंस कधीही म्हणता आले नसते. तसे म्हटले असते तर दुष्काळात मेलेले आईबाप कृपेस पात्र नव्हते असे म्हणावे लागले असते, आणि मुक्तीच्या दारात येणारी प्रत्येक हाडांचा सापळा झालेली मुलगी ईश्वराने टाकलेली ठरली असती. अनुष्ठानाच्या बदल्यात सोने मागणारी श्रद्धा आणि देणगीच्या बदल्यात बढतीचे आश्वासन देणारा आजचा उपदेशक, या दोहोंत धर्माचे नाव निराळे असले तरी व्यवहार एकच आहे. आपण घालावे आणि देवाने व्याजासह परत करावे, असा तो करार. रमाबाईंनी हा करार एकदा बालपणी मोडलेला पाहिला होता. नव्या धर्मात जाऊन त्यांनी तो पुन्हा नव्या भाषेत लिहिला नाही. त्यांच्या दृष्टीने देणगी मागितली जाते ती गरजेसाठी, आणि गरज असते ती दुसऱ्याची.

१९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. आईच्या कामाचा वारसा चालवील अशी आशा जिच्यावर होती, तीच आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. पुढे १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची मुक्ती संस्था आजही चालू आहे.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल असे वाटते. भांडार अक्षय्य ते कशामुळे? चोपडीतील शिल्लक अक्षय्य नव्हती. पुष्कळ दिवस ती नव्हतीच. विहिरीही रोज संध्याकाळी रिकाम्या होत. अक्षय्य होता तो एक क्रम: आज जे आले ते आज भुकेल्यास द्यावे, आणि त्याच्या हातास असे काम शिकवावे की उद्या त्यास कोणाच्या दारी जावे लागू नये. सरकारी हिशेबात वर्षाअखेरची शिल्लक पुढच्या वर्षात ओढली जाते किंवा बुडते. मुक्तीच्या हिशेबात शिल्लक म्हणून पुढे ओढली गेली ती माणसे. विणणारी, छापणारी, शिकविणारी, रुग्णांची शुश्रूषा करणारी अशी शेकडो स्त्रियांची पिढी त्या माळरानावरून बाहेर पडली, आणि त्यांच्या मुलाबाळांस आपल्या आजीने दुष्काळात झाडपाला खाल्ला होता ही गोष्ट केवळ ऐकून माहीत झाली. धर्म कोणताही असो, पुरवठा करणारा कोणत्याही नावाने ओळखला जावो. हिशेब जुळला की नाही, हे पाहण्याची कसोटी हीच.